गाडी मालकालाच चोर समजू लागली तर काय करायचं

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी मालवणच्या बाजारात माझी गाडी बंद पडली. डिकीत माटवीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या मंडपीचं सामान होतं: कवंडळं, शेरवडं, सुपारीची शिपटी. वर आभाळ भरलेलं. चावी फिरवली की इंजिन पेटायचं, दीड सेकंद गुरगुरायचं आणि गप्प. डॅशबोर्डवर चावीचं चित्र असलेला दिवा लुकलुकत होता. मी सात-आठ वेळा प्रयत्न केला. मग सुरू व्हायचंही बंद झालं.

टोचन करून गाडी एका गॅरेजात नेली. तिथे दहा मिनिटांत निदान झालं: "मॅडम, इमोबिलायझर गेला. बॉक्स नवा, दोन्ही चाव्या नव्या." इमोबिलायझर म्हणजे चावी ओळखली नाही तर इंजिन अडवणारी यंत्रणा. सांगितलेली रक्कम पाच आकडी होती आणि गाडी २००९ सालची. शेवटी आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियननं ती पॉलिश पेपरच्या एका तुकड्यानं बरी केली. काम करता करता ते म्हणाले, "आधी अर्थ बघ गो, मगे चावयेक नावा ठेव." अर्थ म्हणजे अर्थिंग, वीज बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी तार. पुढचा सगळा लेख या एका वाक्याभोवती आहे. यंत्रणेवर खापर फोडण्याआधी तिला वीज नीट मिळते आहे का ते बघायचं, आणि स्वस्त तपासणीकडून महागड्या दुरुस्तीकडे जायचं. उलट्या क्रमानं गेलात तर पैसे जातात आणि बिघाड तिथेच राहतो.

जुनी गाडी नुकतीच घेतलेले, वडिलांची गाडी वारशानं आलेले आणि गाडी गावात ठेवून मुंबईला जाणारे चाकरमानी, या तिघांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे.

१. आधी ओळखा, बिघडलंय नेमकं काय

"सिक्युरिटी सिस्टिम" म्हणून आपण जे एकच नाव घेतो, त्यात तीन वेगळ्या वस्तू असतात. कधी चार.

पहिली इमोबिलायझर. चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी किंवा छोट्या चौकोनी वडीएवढी चिप असते. तिला स्वतःचा सेल नसतो. चावी घालायच्या कुलपाभोवती तारेचं एक कडं असतं. चावी फिरवली की ते कडं साधारण १२५ किलोहर्ट्झची लहर सोडतं, त्याच ऊर्जेवर चिप क्षणभर जागी होते आणि आपला नंबर सांगते. तो नंबर तपासणाऱ्या डब्याला गॅरेजवाले नुसतं "बॉक्स" म्हणतात. नंबर जुळला तर इंजिनाचा कॉम्प्युटर इंधन आणि ठिणगी चालू ठेवतो, नाही तर तोडतो. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडेही त्याच सुमारास आलेल्या गाड्यांपासून ती हळूहळू दिसू लागली.

दुसरी अलार्म. दार, बॉनेट, डिकी उघडली की बोंब मारणारी. तिसरी रिमोट आणि सेंट्रल लॉक. रिमोटचा सेल संपला तर दार बटणानं उघडणार नाही, पण साध्या चावीच्या गाडीत इंजिन सुरू व्हायला त्याची अडचण नसते, कारण चिपला सेल लागतच नाही. "रिमोट चालत नाही म्हणून गाडी सुरू होत नाही" असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका.

चौथी वस्तू म्हणजे शोरूमनं किंवा ॲक्सेसरीच्या दुकानानं गाडी नवी असताना बसवून दिलेलं सायरन-रिमोटचं किट. हे कंपनीचं नसतं, पण पहिल्या मालकाला ते गाडीबरोबरच मिळालेलं असतं, म्हणून पुढचे सगळे मालक त्याला कंपनीचंच समजतात. जुन्या गाडीत या किटकडे आधी संशयानं बघावं. त्याबद्दल पुढे सविस्तर आहेच.

२. लक्षण नीट बघा, आणि मोबाइलवर चित्रित करा

गॅरेजात गेल्यावर गाडी हमखास शहाण्यासारखी वागते. म्हणून बंद पडल्याबरोबर चावी फिरवताना डॅशबोर्डचं वीस सेकंदांचं चित्रण करा, आवाजासकट. बघायचं ते असं:

इंजिन पेटून एक-दोन सेकंदांत बंद होतं आणि चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकतो किंवा जळत राहतो, तर चावी ओळखली जात नाहीये. एरवी चावी 'ऑन' केल्यावर हा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझतो.

स्टार्टर जोमात फिरतो, इंजिन पेटत नाही, पण तो दिवा शहाण्यासारखा विझतो. मग बहुधा इमोबिलायझरचा संबंध नाही. इंधनाचा पंप, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा), फ्यूज तिकडे बघावं.

फक्त टकटक आवाज येतो आणि दिवे मंदावतात: बॅटरी, किंवा तिच्या तारा.

दिवे लख्ख, पण स्टार्टर हूं की चूं करत नाही: स्टार्टरची रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), क्लचचा स्विच, किंवा बाहेरच्या किटनं मध्येच तोडलेली तार. काही गाड्यांत मूळ इमोबिलायझरच स्टार्टरही अडवतो, तेव्हा इथेही दिव्याकडे बघा.

गाडी उभी असताना डॅशबोर्डवर लाल ठिपका मंद लुकलुकतो त्याला घाबरू नका. तो राखण चालू असल्याची खूण आहे. माझ्या आत्येभावानं तो "शॉर्ट सर्किट" समजून बॅटरीची तार काढून ठेवली होती.

३. रस्त्यात अडकलात तर

परशुराम घाटात किंवा एखाद्या खाडीपुलावर मल्टीमीटर काढून बसणार नाही आपण. तिथे एवढंच करा.

चावीच्या जुडग्यातून गाडीची चावी वेगळी काढा. दुसऱ्या चिपवाल्या गाडीची किंवा स्कूटरची चावी, जाड धातूची कडी, देवीचा पत्र्याचा टाक असलं काहीही त्या कड्याच्या जवळ असलं तर वाचन बिघडू शकतं. मग चावी काढून दोन मिनिटं थांबा, पुन्हा घाला, 'ऑन'वर पाच सेकंद ठेवून दिवा विझतो का बघा आणि मगच स्टार्टर मारा. दुसरी चावी जवळ असेल तर ती वापरून बघा. दुसरीनं सुरू झाली तर पहिल्या चावीत दोष, दोन्हींनी तेच झालं तर दोष गाडीत. इतकं सोपं निदान हजार रुपयांच्या तपासणीत होत नाही, म्हणून दुसरी चावी कपाटात न ठेवता प्रवासात कुणाच्या तरी खिशात असू द्या.

पुन्हा पुन्हा चावी फिरवू नका. मी तेच केलं. बॅटरी उतरली, आणि काही गाड्यांत तर बरेच चुकीचे प्रयत्न झाले की यंत्रणा काही काळ स्वतःला कुलूप घालून घेते. मग खरी चावीही चालत नाही.

धक्का मारून उपयोग नाही. बॅटरी उतरलेली असेल तर ठीक, पण इमोबिलायझरनं इंधन तोडलं असेल तर अख्खी वाडी आणून धक्का मारला तरी गाडी पेटणार नाही.

दुसऱ्या गाडीवरून जंप द्यायचा, म्हणजे तिच्या बॅटरीच्या विजेवर आपली गाडी सुरू करायची असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. महामार्गावरचा ट्रकवाला भला माणूस असतो, मदतीला थांबतो, पण ट्रकची आणि एसटीची वीज २४ व्होल्टची असते, आपल्या गाडीची १२. तिथून तार जोडली तर बॉक्सच काय, इंजिनाचा कॉम्प्युटरही जाऊ शकतो. कार किंवा १२ व्होल्टची छोटी पिकअपच हवी. लाल तार आधी आपल्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला, काळी त्यांच्या मायनसला आणि काळीचं शेवटचं टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. प्लस-मायनस उलटं झालं तर मग खरोखरच पाच आकडी खर्च येतो.

टोचन करताना गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली, आणि स्टिअरिंगचं कुलूप उघडं राहावं म्हणून चावी 'ऑन'कडे वळवलेली. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, हे मागच्या गाडीत बसणाऱ्याला आधी सांगा. घाटात दोरीनं ओढण्याचा विचारच नको, क्रेन मागवा.

४. घरी आल्यावर: बॅटरी आणि अर्थ

लागणारं सामान असं: १० नंबरचा पाना, साधा डिजिटल मल्टीमीटर, बारीक पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, खायचा सोडा, व्हॅसलीन, काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे, टॉर्च, आणि गाडीचं मॅन्युअल. मल्टीमीटर तालुक्याच्या गावी इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो, आणि महागाचा घ्यायची गरज नाही.

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी बॅटरीचं व्होल्टेज मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धीमुर्धी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा, मग बाकी बोलू. कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगून त्या क्षणी बघा. आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे किंवा जोड खराब आहेत. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवं. इमोबिलायझरच्या बॉक्सला स्टार्टर फिरताना पुरेसं व्होल्टेज मिळालं नाही तर तो चावी वाचूच शकत नाही. बिचारा आपल्याला चोर ठरवतो, आणि आपण त्याला नादुरुस्त ठरवतो.

आता अर्थ. बॅटरीच्या मायनसपासून एक तार किंवा जाळीदार पट्टी बॉडीला आणि एक इंजिनाला किंवा गिअरबॉक्सला बोल्टनं घट्ट केलेली असते. गाडीतली सगळी वीज या वाटेनं बॅटरीकडे परतते. घाटावर ही पट्टी वर्षानुवर्षं टिकते. आपल्याकडे खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि जांभ्याची लाल माती बोल्टखाली जाऊन बसते. कल्हई नसलेल्या भांड्यात आमटी कळकावी तशी तांब्याची तार आतल्या आत कळकते. वरून रबर शाबूत, आत हिरवी भुकटी. नुसतं बघून कळत नाही.

कळण्याची युक्ती अशी. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर टेकवा, क्लँपवर नाही. लाल पिन बॉडीच्या एखाद्या रंग नसलेल्या बोल्टवर. हेडलाइट आणि पंखा चालू करा. आकडा शून्याजवळ राहिला तर अर्थ ठीक. ०.२ च्या वर गेला तर संशय घ्या. मग लाल पिन इंजिनाच्या लोखंडावर ठेवून कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. तिथे ०.५ च्या खाली चालेल. माझ्या गाडीत हेडलाइट लावल्यावरच बॉडीचा आकडा एकाच्या वर गेला होता.

उपाय फार साधा आहे. आधी बॅटरीची मायनसची तार काढा (काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी). टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर कोमट पाण्यात सोडा घालून ब्रशनं धुवा, पाणी बॅटरीच्या झाकणात जाऊ देऊ नका. अर्थचा बोल्ट काढून पट्टीचं टोक आणि बॉडीची जागा दोन्ही चकचकीत होईपर्यंत घासा. बोल्ट घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन लावून मग आवळायचं नाही, उलट होतं. पट्टी आतून कळकलेली असेल तर नवी घाला, ती काही महाग नसते.

बॅटरी काढण्याआधी दोन गोष्टी तपासा: म्युझिक सिस्टिमला कोड लागतो का, आणि सायरनला स्वतःचा आतला सेल आहे का. असला तर तार काढताच तो कोकलतो. चावी 'ऑन' करून किंवा अलार्म रिमोटनं उतरवून मग काम सुरू करा.

फ्यूजही याच वेळी बघा. फ्यूज गेलेला असेल तर तितक्याच अँपिअरचा घाला. चॉकलेटची चांदी गुंडाळलेले फ्यूज मी दोन गाड्यांत पाहिलेत. त्या गाड्या आजही धावतात, पण तुमची धावेलच असं नाही.

५. चावीचं कव्हर बदलताना

या पायरीवर सगळ्यांत जास्त लोक फसतात. चावीचं बटण फाटतं, प्लॅस्टिक तडकतं, मग आपण बाजारात नवं कव्हर घेतो. दुकानदार पातं आणि रिमोटची पट्टी नव्या कव्हरात बसवून देतो. चिप मात्र जुन्या कव्हराच्या कोपऱ्यात चिकटलेली असते, कारण पुष्कळ जुन्या चाव्यांमध्ये ती रिमोटच्या पट्टीवर नसते, वेगळी असते. जुनं कव्हर कचऱ्यात जातं. दारं उघडतात, रिमोट चालतो, गाडी मात्र सुरू होत नाही, आणि ती त्याच दिवशी "योगायोगानं" बिघडली असं वाटतं.

तेव्हा कव्हर बदलायचं असेल तर स्वतःच्या डोळ्यांदेखत बदलून घ्या, चिप हातात घेऊन बघा आणि जुनं कव्हर आठवडाभर जपून ठेवा. चावी खाली दगडावर पडली, पावसात भिजली किंवा धुण्याच्या यंत्रात फिरली तर ती उघडून, चिप न हलवता, दोन दिवस सावलीत पंख्याखाली वाळवा, तांदळाच्या डब्यात नको. तांदळाची गरज नाही, वाऱ्याची आहे.

रिमोटचा सेल बदलताना त्यावरचा नंबर वाचून तोच घ्या (सीआर २०३२, सीआर १६२० वगैरे). सेल बदलूनही दार उघडत नसेल तर बहुतेक गाड्यांत रिमोटची गाडीशी पुन्हा ओळख करून द्यावी लागते. त्याची रीत मॅन्युअलमध्ये असते.

महिन्यातून एकदा तरी दार बटणानं न उघडता चावीनं उघडा. वर्षानुवर्षं न वापरलेलं दाराचं कुलूप खाऱ्या हवेत गच्च धरतं, आणि रिमोट मेला त्या दिवशी चावी आत जाऊन फिरत नाही. कुलपात ग्रॅफाइटची पूड घाला. खोबरेल तेल घालू नका, त्यावर धूळ बसून चिकट लगदा होतो.

६. रात्री दोन वाजता बोंबलणारा सायरन

पहिल्या पावसात आमची गाडी तीन रात्री लागोपाठ ओरडली. चौथ्या दिवशी शेजारच्या काकी कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "तुझ्या गाडयेक भूत लागला काय गो?" भूत बॉनेटच्या कुलपाजवळच्या छोट्या स्विचमध्ये होतं. बॉनेट बंद असल्याचं हा स्विच यंत्रणेला सांगतो. त्याच्या पायात पाणी आणि गंज शिरला की तो "बॉनेट उघडलं" असं खोटंच सांगतो, अलार्म त्यावर विश्वास ठेवतो.

काँटॅक्ट क्लीनर मारा, स्विच दाबून वर येतो का बघा, बॉनेटचं रबर झिजलं असेल तर बदला. मग चारही दारं आणि डिकी एकेक उघडून आतला दिवा लागतो-विझतो का तपासा. एखादं दार बंद करूनही दिवा जळत राहिला तर स्विच त्या दारातला. तेही ठीक असेल तर चालकाच्या दाराच्या बिजागरीजवळचा रबरी नळा मागे सारून आतल्या तारा बघा. दार हजारो वेळा उघड-मीट होऊन त्या तिथेच तुटतात.

आणि उंदीर. पावसाळ्यात गाडीच्या बॉनेटखाली कोरडी, ऊबदार जागा असते आणि तिच्यावर त्यांचा आपल्याइतकाच हक्क आहे अशी त्यांची समजूत असते. आमच्याकडे लोक तंबाखूची पानं ठेवतात. माझ्या अनुभवात त्याहून उपयोगी पडलं ते गाडी भाताच्या कणगीपासून लांब उभी करणं.

७. बाहेरून बसवलेलं किट

डॅशबोर्डखाली डोकं घालून टॉर्चनं बघा. कंपनीच्या तारा गुंडाळलेल्या, एकसारख्या टेपमध्ये, नीट क्लिपमध्ये बसवलेल्या असतात. त्यातूनच काळ्या चिकटपट्टीचे गोळे लोंबत असतील आणि एखादा परकाच डबा वायरच्या पट्टीनं बांधलेला असेल तर ते बाहेरचं किट. असल्या किटात बऱ्याचदा स्टार्टरची किंवा इग्निशनची मूळ तार कापून मध्ये रिले घातलेली असते. तार पिळून वरून टेप लावलेला जोड आपल्या दमट हवेत हिरवा पडतो, रिलेचे पाय गंजतात, आणि धावत्या गाडीचं इंजिनही बंद पडू शकतं.

किट खराब असेल तर ते दुरुस्त करत बसू नका, पूर्ण काढून टाका. काढणं म्हणजे डबा उपटणं नव्हे. कापलेली प्रत्येक मूळ तार पुन्हा सोल्डर करून जोडायला हवी, नाही तर गाडी कायमची मुकी होईल. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करवा आणि किती तारा जोडल्या ते समोर उभं राहून मोजा. तोवर गाडी वापरायची असेल तर पुष्कळ किटांना डॅशबोर्डखाली लपवलेला एक बटणासारखा 'व्हॅले' स्विच असतो, त्यानं किट तात्पुरतं झोपवता येतं.

किट काढलं तरी कंपनीचा इमोबिलायझर शाबूत राहतो. चोराविरुद्ध खरा पहारा तोच देतो, सायरन फक्त शेजाऱ्यांना उठवतो.

८. स्कॅनर, आणि इलेक्ट्रिशियनला विचारायचे प्रश्न

वरचं सगळं करून दिवा लुकलुकतच असेल तर स्कॅनरची, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राची वेळ आली. ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला लावून मोबाइलवर कोड दिसतात, पण तो बहुधा फक्त इंजिनाच्या कॉम्प्युटरशी बोलतो. तरी पी०५१३ दिसला तर चावी चुकीची ठरते आहे असा अर्थ. यू०१६७ दिसला तर इमोबिलायझरच्या बॉक्सशी बोलणंच तुटलं आहे, म्हणजे आधी त्याचा फ्यूज, अर्थ आणि जोड बघायचे. बॉक्सच्या आत डोकावायला मात्र त्या कंपनीच्या गाड्यांचा वेगळा स्कॅनर लागतो. कणकवली-कुडाळसारख्या महामार्गावरच्या गावांत तो सापडेल, नाही तर घाट चढून कोल्हापूर.

कुणीही "बॉक्स गेला" म्हटलं की शांतपणे विचारा: कोड कोणता आला? बॉक्सला येणारं व्होल्टेज स्टार्टर मारताना मोजलं का? कुलपाभोवतीचं कडं आणि त्याचा सॉकेट तपासला का? दोन्ही चाव्या लावून बघितल्या का? उत्तर "अनुभवावरून सांगतो" असं आलं तर चहा घेऊन निघा.

जुना बॉक्स भंगारातल्या गाडीतून आणून लावू असंही सुचवलं जाईल. तो त्याच्या जुन्या चाव्यांशी आणि जुन्या इंजिन कॉम्प्युटरशी बांधलेला असतो. नुसता लावून चालत नाही, जुळणी करावी लागते किंवा तिन्ही वस्तूंचा संचच बदलावा लागतो.

गाडी पुराची नसेल याचीही खात्री करा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा हजारो लोकांचं होत्याचं नव्हतं झालं. त्या आणि तशा पुरांत बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुढे विकल्या गेल्या. हे बॉक्स डॅशबोर्डखाली किंवा पायांशी असतात, म्हणजे पाणी तिथवर पोचतंच. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, टोकाशी मातीची रेघ दिसते का बघा. गालिचा उचलून खाली गाळ आणि सीटच्या बोल्टांवर गंज आहे का तेही. पाण्यात राहिलेल्या सॉकेटचा बिघाड आज एक, उद्या दुसरा असा येत राहतो, तिथे एक बॉक्स बदलून भागत नाही.

९. नवी चावी करायची झाली तर

रस्त्यावरच्या चावीवाल्याकडून पातं कापून घेतलं तर दार उघडेल, इंजिन सुरू होणार नाही. तरी अशी एक चावी घरी असावी, गाडीत चावी अडकली तर कामाला येते.

चिपची चावी दोन प्रकारे होते. चालू चिपची हुबेहूब नक्कल, किंवा नव्या चिपची गाडीच्या स्मृतीत नोंद. नोंद करताना बऱ्याच गाड्यांत जुन्या सगळ्या चाव्या आधी पुसल्या जातात आणि त्या वेळी समोर असलेल्याच पुन्हा घेतल्या जातात. म्हणून घरातल्या सगळ्या चाव्या बरोबर न्या. मुंबईच्या कपाटात राहिलेली चावी परतल्यावर नुसतं पातं ठरेल. काही जुन्या फियाट गाड्यांना लाल मास्टर चावी आणि कोड कार्ड येत असे. असली गाडी घेताना ती दोन्ही मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

शेवटची चावी हरवेपर्यंत थांबू नका. एक चालू चावी असताना दुसरी करणं सोपं आणि स्वस्त असतं. एकही नसेल तर गाडीच टोचन करून न्यावी लागते.

अधिकृत सेवा केंद्रात नेण्याची कागदपत्रं:
आरसी (स्मार्ट कार्ड किंवा डिजिलॉकरमधली).
मालकाचं आधार किंवा पॅन.
चालू विम्याची पॉलिसी.
चावीबरोबर आलेला नंबराचा टॅग, असल्यास. हा नंबर म्हणजे पात्याची ओळख, त्याचा फोटो काढून ठेवा, टॅग गाडीत ठेवू नका.
चावी हरवली असेल तर पोलिस ठाण्यातल्या नोंदीची प्रत.
गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्यांचं सहीचं संमतिपत्र.

शेवटच्या मुद्द्यावर गावाकडे गाडं अडतं. गाडी वडिलांच्या नावावर, वडील जाऊन चार वर्षं झाली, नाव बदललेलं नाही. नियमाप्रमाणे मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ वर हस्तांतराचा अर्ज करायचा असतो. सिंधुदुर्गाचं कार्यालय एमएच ०७, रत्नागिरीचं एमएच ०८. सेकंडहँड घेतली असेल तर नमुना २९ आणि ३०. चावीचं काम निघायच्या आधी हे उरकून घ्या.

१०. "इमो ऑफ" करून देतो, म्हणणारा भेटला तर

इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून इमोबिलायझरची अटच काढून टाकणारे कारागीर आहेत. सल्ला मोहक वाटतो, कारण चावीचा प्रश्नच मिटतो. मी नको म्हणेन. त्यात कॉम्प्युटर उघडून त्याच्या स्मृतीत हात घालावा लागतो, चुकलं तर गाडी कायमची बसते, आणि जमलं तर साध्या कापलेल्या पात्यानं कुणीही गाडी नेऊ शकतो. चोरीचा दावा केला तर विमा कंपनी मूळ चाव्या मागते, गाडीची यंत्रणा कशी होती तेही विचारू शकते. बॉक्स आणि सुटे भाग मिळणंच बंद झालेल्या एखाद्या फार जुन्या गाडीत दुसरा इलाज उरत नाही हे खरं. तिथे आधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि कारागिराकडून केलेल्या कामाचं बिल घ्या.

११. गाडी गावात ठेवून जाताना

उभ्या गाडीतही राखणीची यंत्रणा, घड्याळ आणि कॉम्प्युटर मिळून थोडी वीज पीतच असतात. समजा ३० मिलिअँपिअर. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. हिशेबानं ती ४८ दिवसांत कोरडी पडते, आणि स्टार्टर फिरवण्याइतका दम त्याच्या बराच आधी संपतो. गणपतीला ठेवून गेलेली गाडी दिवाळीला रुसते ती यामुळे. घरच्या कुणाला आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवायला सांगा, नुसतं खळ्यात सुरू करून बंद करणं पुरत नाही. चालवणारं कुणी नसेल तर बॅटरीची मायनसची तार काढून ठेवा. दार चावीनं लावा, कारण तार काढल्यावर रिमोट चालणार नाही.

प्लॅस्टिकचं पाणीबंद कव्हर पावसाळ्यात घालू नका, आत वाफ धरते. छप्पर, आणि चारी बाजूंनी वारा, हे बरं. समुद्राकाठच्या रस्त्यानं फिरून आलात तर गोड्या पाण्यानं खालची बाजू धुवा, पण बॉनेटखाली प्रेशरचा पाइप मारायला देऊ नका.

दुसरी चावी घरात कुठे आहे ते लिहून ठेवा. तार जोडलेलीच ठेवून जात असाल तर सायरन कसा बंद करायचा, कुठला फ्यूज किंवा कुठलं बटण, ते शेजारच्या काकींना एकदा प्रत्यक्ष करून दाखवा. आमच्या काकी आता तो माझ्यापेक्षा लवकर बंद करतात.